बंधाऱ्यावरची खडसमोजणी

२९ जून
चढले! बंधाऱ्यात ठेवलेल्या फटीतून सकाळपासून खडस मासे वर चाललेत. एक गेला वर की माझ्या डब्यात एक चिंचोका. पुण्याच्या गळवाल्या क्लबचा निरंजन नुसता मोबाईलवर शूटिंग करत बसलेला. म्हटलं, आधी मोज, मग दाखव लोकांना!

या गावाला चढणीचा मासा सोडायला लावणं सोपं होतं होय? घरोघर मी फिरले. यंदा एकही मारायचा नाही. एक जरी मारला तरी क्लब करार मोडणार. नाही मारला आणि मोजणी चांगली आली, तर दिवाळीनंतरचा त्यांचा गळाचा हंगाम आपल्या ओढ्यावर. येणारे मासा धरून परत पाण्यात सोडणार. राहणार-जेवणार आपल्याकडे, वाट दाखवणार आपलीच माणसं.

आबा, माझे सासरे, म्हणाले, "धरायचा आन् सोडायचा? मंग हात कशाला वले करायचे?" पण देवीपुढं शपथेच्या नारळावर पहिला हात त्यांचाच पडला. माझ्यासाठी. मी ओळखून आहे.

२ जुलै
नणंद आली, जान्हवी. सातवा लागलाय. पाय धुवायच्या आत, "वहिनी, चढणीच्या माशाचं कालवण कधी?" पोटुशी लेक माहेरी आली की ते करायचंच, ही इथली रीत. मी नाही म्हटलं. ती रुसली. आबा जेवता जेवता ताटावरून उठले.

वाईट वाटलं. पण लेकी काय एकट्या आमच्याच घरी आल्यात? बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

५ जुलै
पाऊस, पाऊस. डबा निम्मा भरला!

९ जुलै
आज एक हातभर लांबीचा. धारेवर आपटला, घसरला, पुन्हा आला, पुन्हा घसरला. आणि मग गेला वर! मी अशी ओरडले की शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "तुजा ल्योक पास झाल्यावानी वरडतीस की गं!" मग? तसंच वाटलं मला.

संध्याकाळी घरी आले तर जान्हवीचा रुसवा पळालेला. आबा तिच्याशी हसतखिदळत बसलेले. दोघांनी जेवून घेतलेलं, माझ्यासाठी पिठलं झाकून ठेवलेलं. चला, समजून घेतलं बाई लेकीनं!

१६ जुलै
मोजणी संपली. निरंजननं चिंचोके दोनदा मोजले. "सायलीताई, आम्हाला याच्या निम्म्याचीही आशा नव्हती! हंगाम पक्का समजा. उद्या देवळात सगळ्यांसमोर जाहीर करू." बायांनी मला उचलूनच घेतलं. कंबर धरली माझी, पण हसू थांबेना.

अभिमान वाटतोय मला. माझा आणि गावाचाही. लिहायला कसली लाज? एवढी खाणारी तोंडं, आणि एकानंही मासा मारला नाही!

१७ जुलै
देवळात जायच्या आधी मोरी घासायला घेतली. जाळीखाली खवला. रुपयापेक्षा मोठा. खडसाचाच.

जान्हवी रडायला लागली. आबांची मान खाली. मी खवला पदराला बांधला. म्हटलं, देवळात सांगते मी. हंगाम गेला तर गेला.

आबा उठले. टोपी घातली, हात पुढं केला. "तू न्हाई सांगायचं. आण हिकडं. नारळावर हात माजा व्हता."