मागे राहिलेला पाचवा

सोमवार, २७ जुलै २०२६, सानगडी

काल लिहिलं की खेळाच्या गटात चार जण असतात. चूक. पाच असतात. चौघी केंद्रात बसतात, पाचवा कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून खेळतो. चूक खोडायची नाही, खाली बरोबर लिहायचं, असं आत्यानं शिकवलंय. चौथीपर्यंत तिनंच मला पवनीच्या घरी शिकवलं.

बाकी कालचं सगळं खरं. गाव छान, खोली हवेशीर. नोकरी तर गमतीचीच: एका कंपनीच्या मेंदू-व्यायाम केंद्रात बायकांना कोड्यांचे खेळ शिकवायचे, एकटीनं खेळायचे आणि गटानंही. ९ ऑगस्टला भंडाऱ्याला जिल्ह्याची अंतिम फेरी आहे. माझा गट म्हणजे वच्छलाबाईंची रोवण्याची टोळी. दिवसभर धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावून संध्याकाळी येतात, पायांना चिखल तसाच. आल्या आल्या वच्छलाबाई म्हणाल्या, मॅडम, आमचं डोस्कं गंजून गेलं, आता त्याले तेल देता का पाना मारता? त्यांची सून रिता इतकी हसली की कडेवरची दोन वर्षांची टीना दचकली.

बुधवार, २९ जुलै

नियम नीट लिहून ठेवते. प्रत्येकीच्या टॅबलेटवर चौकटींची एक ओळ. दाखवलेली चित्रं क्रमानं आठवली की ओळ पुढं सरकते. एखादा फार मागे पडला की खेळ थांबतो आणि पुढच्यांपैकी कोणाला तरी ‘मदत’ दाबावी लागते. मग डोळे मिटून आपली एखादी पक्की आठवण मनात आणायची, की मागच्याची ओळ भरते. कशी भरते ते मला कळलेलं नाही. दाखवायला म्हणून मीही एकदा दाबलं. तेव्हा मनात काय आणलं होतं, ते आत्ता आठवत नाही.

मागे नेहमी पाचवाच. दुसऱ्या गावांत लोक त्याला शिव्या देऊन खेळ सोडतात म्हणे. इथं तसं नाही. रोवण्यात जिची पात मागे राहते तिची पात शेजारणी लावून देतात. तिला बांधीतल्या चिखलात एकटी ठेवून कोणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढत नाही. वच्छलाबाई म्हणतात, कोणाचं लेकरू असंन बिचारं, द्या त्याले. आणि चौघी दाबतात. रिता सगळ्यांत आधी.

शनिवार, १ ऑगस्ट

वच्छलाबाई काल घरची वाट चुकल्या. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मला हसू आलं नाही.

मी विचारलं, मदत दाबताना मनात काय आणता? त्या म्हणाल्या, लगन होऊन ज्या वाटेनं या गावात आली, थे वाट. मग रिताला विचारलं. ती लाजून म्हणाली, मले तं टीनाच आठवते, दुसरं काय हाय माह्याजवळ?

पडद्यावर पाचव्यानं लिहिलं: मले मांगं सोडू नका.

मंगळवार, ४ ऑगस्ट

टीना रडत केंद्राच्या दारात आली. रितानं मान वर करून विचारलं, कोणाची पोरगी व्हय हे? वच्छलाबाईंनी रिताच्या पाठीत धपाटा घातला, म्हणाल्या, नाटकं नको करू वं. रितानं पुन्हा विचारलं, हळू आवाजात, परक्या घरी विचारावं तसं. टीनानं तिचा पदर धरला. रितानं तो सोडवून घेतला.

तेवढ्यात पाचव्याचं आलं: टिनूबाई, ये इकडं.

या नावानं रिताशिवाय कोणी हाक मारत नाही.

बुधवार, ५ ऑगस्ट

कंपनीला फोन केला. साहेब म्हणाले, गुण उत्तम आहेत, खेळ थांबवू नका.

बायकांना सांगितलं, तो पाचवा कोणाचं लेकरू नाही, खेळ बंद करा.  वच्छलाबाई म्हणाल्या, बंद करून तं देऊ, मॅडम. पन जे गेलं थे रिताले कोन वापस देईन?

मी टॅबलेट गोळा केले.

गुरुवार, ६ ऑगस्ट

टॅबलेट बंद करून कपाटात ठेवले होते. एक उजळला. त्यावर — रश्मी, चूक खोडायची नाही.

हे मला कोण म्हणायचं? कोणी तरी म्हणायचं —

मागची पानं उलटली. आत्या, असं लिहिलंय. अक्षर माझंच. चेहरा नाही, आवाज नाही.

ठीक आहे. माझं घेतलंस. टीनाची आई मी तुला नेऊ देणार नाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

नियम पुन्हा वाचला. मागे पडेल त्याला पुढच्यानं द्यायचं, नाहीतर खेळ थांबतो. पाचवाही खेळाडूच. त्याच्याही मागे आजवर कोणी राहिलं नाही, एवढंच.

मी राहीन. अंतिम फेरीत गटातल्या एकीच्या जागी मी बसतेय, वच्छलाबाईंना सांगून टाकलंय. प्रत्येक चित्र चुकणार. मुद्दाम. असं कधी केलेलं नाही.

बाकी कोणी मदत दाबणार नाही. त्यानंच दाबायची. आणि त्याच्याजवळ स्वतःचं काही नाही — आहे ते आमच्याकडून घेतलेलं, बहुतेक रिताचं. ते माझ्याकडं आलं की रिता मुद्दाम मागे पडेल, मग मी दाबीन, मनात फक्त टीना आणीन. नंतर माझ्याजवळ काही उरलं नाही तरी —

टॅबलेट पुन्हा उजळला. म्हणतो, येऊ नको. म्हणतो, मले मांगं —

भ्यालास?

परवा रविवार, ९ ऑगस्ट. भंडारा. शेवटची मी असेन, आणि या वेळी देणारा तू —