पुढच्या रांगेतल्या सहा मुली

रहाटणी, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, १९५६

सुमी चौथी पास झाली, गावभर गूळ वाटला मी! नातच तशी हुशार. काल तिच्या पाचवीसाठी दोन शाळा बघून आले. गावातल्या शाळेत तीन वर्गांना एकच मास्तर, अर्धा दिवस टकळीवर सूत. नदीपलीकडं प्रत्येक विषयाला वेगळे मास्तर, आणि पुढच्या रांगेत सहा मुली.

लेकानं विचारलं, "आई, पोरी हायेत का तिथं?"

"एक बी न्हाई," म्हणाले. सहा होत्या की गं! पण नातीनं दुपारी घरी माझ्याजवळ जेवावं, एवढाच लोभ.

"मग ऱ्हाऊ दे, इथंच घालू."

सुमी हिरमुसली, पण म्हणाली, "आजी बघून आलीया, म्हंजे खरंच असंल."

तेव्हापासून घास उतरत नाही. वही मिटते आणि खरं सांगायला लेकाला हाक मारते.