धग चुलीचीच होती का, माय?

माय, तुझं तोंड लाल व्हायचं तेव्हा आम्ही चुलीलाच दोष देत होतो. अकोल्यातल्या वसतिगृहात पोरींसाठी ढीगभर भाकरी थापणारी बाई; तिचं तोंड लाल होणार नाही तर काय? थंडीत, अंगणात बसल्या बसल्याही ते पेटायचं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पोट सतत बिघडलेलं. तू केळं खायचीस आणि पुन्हा तव्यापाशी बसायचीस. वाळत वाळत गेलीस. लोक म्हणाले, कष्टानं गेली.

माझं तोंड लाल होऊ लागलं, तर अमरावतीच्या सभांत टाळ्या पडल्या. "बाई बोलते तं आग ओकते!" मीही त्याला माझा संताप समजत होते. संताप खराच होता. लाली मात्र आतड्यातल्या गाठीची निघाली. ती गाठ रक्तात काहीबाही सोडते, त्यानं तोंड पेटतं, पोट बिघडतं. ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, अख्ख्या दिवसाची लघवी कॅनमध्ये जमवायची. धाकटी हसते, "ताई आधी माइक घेऊन फिरे, आता कॅन घेऊन फिरून राह्यली!"

यंदा लघवीतला आकडा भलताच वाढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी खाल्लं काय होतं?" धाकटी म्हणाली, "पोट बिघडलं होतं, म्या केळं चारलं. माय आमाले तेच चारे ना!" तपासणीआधी केळं चालत नाही, त्यानं आकडा खोटाच चढतो. त्या चिडल्या; आम्ही दोघी बाहेर येऊन पोट धरून हसलो. तुझ्या औषधानं फसवलं होतं, म्हणजे दुखणं परतलं नसेल!

पथ्य पाळून पुन्हा तपासलं. आकडा चढाच. मग नागपूरला स्कॅन. शिरेत सोडलेलं औषध अशा गाठींना शोधून चिकटतं आणि फोटोत त्या गाठी उजळतात. त्या थंडगार मशीनमध्ये हात डोक्यावर घेऊन पडलेली असताना मी तुलाच बघत होते, पदरानं तोंड पुसणारी. आज दुपारी रिपोर्ट आला. यकृतात उजेडाचे ठिपके आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळू वाढतं, औषधं आहेत, पण पुरतं जाणार नाही." मी तुझ्याबद्दल विचारलं. "आता कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. राबणाऱ्या बाईच्या दुखण्याला कष्ट असं नाव दिलं की सगळे मोकळे होतात, माय. तुझ्या पोटाला कोणी साधा हात लावून पाहिला नाही.

रविवारी परतवाड्याला बायकांपुढे बोलायचं आहे: दुखणं अंगावर काढू नका, घरात सांगा. मघाशी अकोल्याहून धाकटीचा फोन होता. "रिपोर्ट काय म्हन्ते वं ताई?"

अजून आला नाही, म्हटलं.