सोनाबाय पाणी पिते

मंगळवार, नवीन पनवेल

आज तोंडावर आपटलो, आणि तरी मघापासून एकटाच हसतोय.

आमच्या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. त्यातल्या सोनाबायला आवाज देतात विचुंब्याच्या मंजुळाकाकू, पहिल्या भागापासून त्याच. प्रसंग साधा. मिठागराच्या बांधावरून भांडायला सोनाबाय शेजारच्या धर्माच्या दारात येते, तो पाण्याचा पेला पुढे करतो, ती म्हणते, "तुज्या घरचं पानी नको." मला वाटत होतं, काय झकास लिहिलंय.

काकूंनी कागद खाली ठेवला. "मी हे बोलनार नाय. मागच्या भागात याच्याच घरचं पानी पिऊन हिनं अबोला सोडला ना?"

सोडला. मीच लिहिलं होतं. कसं विसरलो? तरी वाद घातला, की पेला नाकारला नाही तर तिचा राग दिसणार कसा?

"पानी पिऊन भांडंल," काकू म्हणाल्या. "परक्याचं पानी नाकारतात. धर्मा आता परका हाय का?"

मी ते वाक्य खोडलं. सोनाबाय केव्हाच बदलली होती, मी तिला ओढून पुन्हा पहिल्या भागात बसवत होतो.

काकूंनी खरा पेला मागवला. गटागटा प्यायल्या, पेला आपटला आणि अशा भांडल्या की धर्माला आवाज देणारा इरफान आपलं वाक्य विसरून म्हणाला, "चुकलं, काकू."

पेल्याचा आवाज ठेवणार. "चुकलं"ही ठेवणार, खरं तर ते मी म्हणायला हवं होतं. फक्त पुढचं "काकू" तेवढं कापायचं.