व्याह्यांच्या घरी म्हटलेला हो

सोलापूर, रविवार

चि. सुबोध यास,

वेणीमाधवमामाचे भरभरून आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असणारच. बेंगळुरूच्या हवेत माणसाचं सगळं चांगलं होतं, फक्त मामाला फोन करायची ताकद उरत नाही. इकडे मामी खुशाल आहे आणि मी तिच्या तावडीत आहे.

आमच्या चेतनाच्या लग्नाचं शूटिंग तू ज्या हार्ड डिस्कमध्ये लिनक्सचं कुलूप घालून दिलंस (एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात? माझा नाच?), ती डिस्क गेली. घालवली मीच, पण शिष्टाचारापोटी. चेतनाच्या सासरी अक्कलकोटला निघताना मामीने बजावलं होतं, व्याह्यांकडे कशालाही नको म्हणायचं नाही. सिद्धलिंगप्पा व्याही ‘तगोळ्री, घ्या की’ करत पोळ्या वाढत गेले, मी हो म्हणत गेलो. मग शूटिंग बघायला त्यांनी डिस्क आपल्या कॉम्प्युटरला लावली. तो विंडोजवाला. त्याला तुझं कुलूप कळेना. डिस्क कोरीच समजून त्याने विचारलं, इनिशियलाइझ करू का, म्हणजे नव्याने आखून घेऊ का? आता व्याह्यांचा कॉम्प्युटर म्हणजे व्याह्यांच्या घरचाच माणूस. मी हो म्हटलं.

घरी येऊन आपल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला लावली, तर तो म्हणतो ही कुलूपबंद डिस्कच नव्हे. पासवर्ड तोंडपाठ असून काय करू? किल्ली हातात आणि समोर नुसती भिंत! त्यावर तू फोनवर थंडपणे सांगितलंस की डिस्कच्या सुरुवातीला हेडर असतो, कुलपाची सगळी रचना त्यात असते, तोच पुसला गेला. आतलं सगळं जागच्या जागी आहे, पण दिसणार नाही. मग तू आज्ञा सोडत बसलास आणि मी टाइप करत (डॅश एक की दोन, यावरून मामा-भाच्याचं नातं तुटायची वेळ आली होती). शेवटी बाळीवेशीतल्या शिवशरणच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, ‘काका, फॉरमॅट मारतो की, लई झकास चालंल!’ अरे, चालवायचीय कुणाला? मला आतलं हवंय!

आत आक्का आहे रे. तुझी आई मांडवात उभी राहून भटजींना ‘आवरा की आता’ म्हणून दम भरते, ती तेवढीच हलतीबोलती उरलीय. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत आक्का गप्प असते, आणि गप्प बसलेली बहीण मला ओळखू येत नाही.

तू म्हणालास, हेडरची नक्कल मिळाली तरच डिस्क उघडेल, आणि ती पेनड्राइव्हवर घालून, मामा हरवून बसेल म्हणून, तू आईकडे दिली होतीस. मग ती कुठे आहे विचारलं, तर ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवलास. ही काय रीत झाली?

वैतागलेला, तरी तुझाच,
वेणीमाधवमामा

ता. क. मामीला आठवलं. आक्का मोलाच्या वस्तू ज्वारीच्या डब्यात ठेवायची. डबा बार्शीच्या घरात, आणि घराची किल्ली तुझ्याकडे. आक्का गेल्यापासून तू ते दार उघडलेलं नाहीस, ठाऊक आहे मला. माझीही एकट्याची हिंमत होत नाही. शनिवारी ये, दोघं मिळून उघडू. मी नको तिथे हो म्हणून बसलो, तू इथे म्हण.

आणखी एक. बार्शीला आपला कॉम्प्युटर घेऊन मीही येऊ का, असं व्याही विचारत होते. मी काय म्हणालो ते तुला कळलंच असेल. तू शुक्रवारीच ये.