राखाडी पीस आणि माझी सही

रविवार, दिनांक ३० जुलै १९६७ रोजी सकाळी अकरा वाजता, मी उंद्रीला एका मयतीच्या भेटीला गेले असताना, देऊळगाव राजा येथील माझ्या घराच्या मागच्या अंगणात माझा राखाडी कोंबडा कापण्यात आला. या मृत्युपत्रातली बहुतेक कलमे त्यामुळे बदलली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी, कौशल्या महादेवराव कायंदे, वय चौसष्ट, अविवाहित, सरकारी कन्याशाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला आहे आणि सुई ओवता येते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर त्याचे नाव इथे लिहिले असते. माझ्या भावाचा मुलगा तुळशीराम यास सर्व काही देणारे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. कोंबड्या. हे वाचून ज्याला हसू येईल त्याच्यासाठी थोडे सांगते. विलायतेत नदीतला मासा धरण्यासाठी गळाला पिसे बांधून खोटी माशी करतात. ती पाण्यावर उभी राहिली पाहिजे, म्हणून तिला कोंबड्याच्या मानेचे पीस लागते: अरुंद, ताठ, चकचकीत, बुडाशी लव नसलेले. त्यात राखाडी रंग सर्वांत दुर्मिळ. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकताना घरच्या कोंबड्याचे असे एक पीस मी वाचनाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवत असे. सिस्टर बर्नडेटने ते पाहिले आणि इंग्लंडला आपल्या भावाकडे पाठवले. या हॅलमसाहेबांचे गळांचे दुकान होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या घरून पिसांच्या जुड्या जात राहिल्या. प्रत्येक जुडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही.

कोंबडा मारायचा नाही. थंडीत पीस पिकले की कोंबड्या सांभाळणारे आमचे हबीबभाई मानेवरची तेवढीच पिसे हलक्या हाताने काढतात. वर्षभरात नवी येतात. राखाडीच्या पोटी राखाडीच निपजेल असा नेम नाही. काळे निघतात, पांढरट निघतात. मनासारखा नर मिळण्यात माझी अर्धी नोकरी संपली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मानमोडीच्या साथीने खुराडे धुऊन नेले, तेव्हा राखाडी असा हा एकच नर उरला होता.

उरलेल्या काळ्या आणि पांढरट कोंबड्या मी हबीबभाईंची मुलगी ताहेरा हिला देते. त्यांच्यातून राखाडी पुन्हा निघेल. मला तो दिसेल असे वाटत नाही.

कलम २. मुंगसाबद्दल. उंद्रीहून मी परतले तेव्हा तुळशीराम दारातच उभा होता. म्हणाला, "आत्याबाई, मुंगसानं नेला." त्या रात्री मला घास गेला नाही, तर त्याने दशमी दुधात कुस्करून समोर ठेवली आणि मी खाईपर्यंत बसून राहिला. कोंबडा कापला हे मी एक वेळ विसरेन. ती दशमी विसरता येत नाही.

हिवाळ्यात डोळ्यांसाठी बुलडाण्याच्या दवाखान्यात गेले. पट्टी बांधलेली असताना सही कशी करणार, म्हणून निघण्यापूर्वी चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या आणि तुळशीरामला बजावले, "काळी आणि पांढरट पाठव. राखाडी या वर्षी नाही, असे साहेबांना स्पष्ट कळव."

वसंतात पार्सल परत आले. आत राखाडी जुड्या होत्या. मी एक पीस ओठांत धरून ओले केले. ओठ काळे झाले.

"तुळशीराम, हे काय आहे?"

"पांढऱ्याची पिसं हायेत. बाभळीची साल अन् गंजके खिळे टाकून उकळली. गिऱ्हाईक तुटू नये म्हून केलं, आत्याबाई. माशाले काय समजते, रंग आईच्या पोटातून आला का भगोन्यातून?"

"माशाला समजत नाही. हॅलमसाहेबांना समजते. उकळलेले पीस लुळे पडते, माशी बुडते."

हबीबभाई दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाई, मुंगसानं नेला असता तं अंगणात पिसं पडली असती. मले एक बी नाही दिसलं."

तेव्हा तुळशीरामची बायको अन्नपूर्णा चुलीपासून उठली. "आखाड होता, आत्याबाई. जावई आले होते. त्यायले काय वांगं वाढू? म्या म्हटलं होतं यायले, दुसरा कापा म्हून. अन् लई जून होता तो. शिजता शिजेना."

आषाढात आमच्याकडे घरोघरी कोंबडा शिजतो, हे मला ठाऊक आहे. पण खुराड्यात दुसरे होते.

पार्सलात हॅलमसाहेबांचे कार्ड होते: "ही पिसे तुमची नाहीत असे मानायला मला आवडले असते, मिस कायंदे. पण सही तुमचीच आहे." मी त्याच दिवशी सगळी हकीकत लिहून पाठवली. उत्तर त्यांच्या मुलीचे आले. माझे पत्र पोचण्यापूर्वीच, मार्चमध्ये, वडील वारले होते. पुढे तिने सभ्यपणे लिहिले होते की, असे घडले म्हणजे प्रत्येक व्यापारी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवतो.

म्हणजे तो भला माणूस मला लबाड समजून गेला. हे आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही. त्याच्या मुलीपुरते येईल, आणि तेही तुळशीरामच्या हातच्या कागदानेच.

त्याला म्हटले, लिही. तो सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणतो, "कागदावर नको, आत्याबाई. माझी इज्जत जाईन."

"इंग्लंडात तुला ओळखतो कोण?"

"म्हूनच म्हणतो, कायले लिहायचं?"

"मग भितोस कशाला?"

उठून गेला.

कलम ३. घर. तुळशीरामने पत्र लिहिल्यास घर त्याच्या व अन्नपूर्णेच्या, दोघांच्या नावे व्हावे. न लिहिल्यास एकट्या अन्नपूर्णेच्या. तुळशीरामने तिथे पाहुण्यासारखे राहावे. खरे आधी तिने सांगितले, जरी रस्सा तिनेच केला.

कलम ४. डाकघरातली शिल्लक कन्याशाळेला द्यावी. त्यातून पुस्तके घ्यावीत, सत्काराचे हार नकोत. शेजारच्या मंजुळाबाईंना कोंबड्याच्या आरवण्याने झोप येत नव्हती. आता पहाट झालेली त्यांना कळत नाही म्हणतात. त्यांना माझे गजराचे घड्याळ द्यावे.

कलम ५. मला अग्नी तुळशीरामनेच द्यावा, पत्र लिहो वा न लिहो. लहानपणी ताप चढला की तो आईकडे न जाता माझ्या मांडीवर येऊन झोपत असे.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

कौशल्या महादेवराव कायंदे

साक्षीदार:
१. उकंडराव सखाराम नागरे, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. भिमाबाई कडूबा वाघ, कन्याशाळेतील शिपाई (डाव्या हाताचा अंगठा)

देऊळगाव राजा, जिल्हा बुलडाणा
दिनांक २२ जून १९६८

याची एक प्रत तुळशीरामच्या हाती दिली आहे. तुळशीराम, मिस हॅलम यांना मराठीत लिही: कोंबडा कोणी कापला, पिसे कोणी उकळली, माझ्या चिठ्ठ्या कोणी बांधल्या. खाली तुझी सही कर. इंग्रजी मी करीन आणि एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. सोमवार, १५ जुलै १९६८ रोजी दुपारची डाक निघण्यापूर्वी ते पत्र माझ्या हातात पडले पाहिजे. लिहिणार नसशील तर तसेही लेखीच कळव.