एका हाताची गाठ

सोमवार, ३ फेब्रुवारी

बांधली! ह्यांनी आज पायजम्याची नाडी स्वतः बांधली — एका हाताने! झटका आल्यापासून उजवी बाजू लाकडासारखी, वाचाही गेली. पण ह्यांना सांभाळायला ठेवलेली पोर मोठी हिकमती. तिचे वडील नावाडी. एक हात वल्ह्यावर, दुसऱ्याने दोर बांधायचा — तीच गाठ तिने ह्यांना शिकवली. टोक ओढलं की सुटते. गाठ बसली की हे मान वळवून तिला शोधतात. ती असेल तिथून टाळी वाजवते. मग स्वारी खूश! हसणं अगदी लग्नातल्या फोटोतलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मला मात्र ती गाठ एका हाताने जमेना. शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या नन म्हणायच्या, "ही बोटं आहेत की मेणबत्त्या?" अजून मेणबत्त्याच! दोन हातांनी येते. समोरच्या वकीलबाईंना दाखवली, त्यांनी आणखी कुणाला. आता अख्ख्या इमारतीत कपड्यांच्या दोऱ्यांना हीच गाठ. किती मिरवले मी!

बुधवार, १२ फेब्रुवारी

खाली मीटिंग होती — पाण्याच्या टाकीची. पण तळमजल्यावरचे फौजी उठले. सीमेवर नोकरी झालेली त्यांची. "ही गाठ सरहद्दीच्या नदीपलीकडची. तिकडचे नावाडी एका हाताने मारतात. इथे कुणी आणली?"

मग जुंपलीच. वकीलबाई म्हणाल्या, "कागद नसला म्हणून माणूस चोर होत नाही." फौजी म्हणाले, "तुम्ही दाराला कुलूप लावता ना? मग देशाचंच दार का सताड उघडं?" मागून कोणी तरी — "पाठवा हो परत, पण माझी भांडी झाल्यावर!" सगळे हसले. मीसुद्धा. घरी आल्यावर मात्र आधी दाराला कडी घातली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तिला विचारलं. भांडं विसळता विसळता म्हणाली, "होय मावशी, होडीतून आले. लपून. गावच नदीने नेलं, तर परवानगी कुणाकडे मागायची?" वडील अजून पलीकडेच, नदीच्या बांधावर. इथून जाते त्या कमाईवरच त्यांचं पोट. "धरलं तर आधी कोंडतात, मावशी."

मुलाचा परदेशातून फोन. त्याला सगळं सांगितलं. "आई, मी वर्षानुवर्षं रांगेत थांबून रीतसर आलो. रांग मोडणाऱ्यांचा मला इथेही राग येतो. पोलिसांना कळवून टाक." त्याचं चूक आहे असंही म्हणवेना. बाबा नाडी बांधतात म्हटल्यावर हळूच — "बटण लावायला शिकवेल का गं ती?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी गॅलरीत गेले. एकाही दोरीला ती गाठ नाही. सगळीकडे साध्या गाठी, घट्ट आवळलेल्या. वकीलबाईंकडेसुद्धा! मीही आमची सोडली. ह्यांच्या हातातली सरावाची सुतळी काढून घेतली, तर लहान मुलासारखे रडले. परत दिली.

रविवार, १६ फेब्रुवारी

फौजींनी जिन्यात चौकशी केली — "यजमान कसे आहेत?" आजवर कधी केली नव्हती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तिला म्हटलं, माझ्या बहिणीकडे पोचवते, थोडे दिवस राहा. म्हणाली, "उद्या काकांना अंघोळ घालते, मग निघते." शाळेतली प्रार्थना आठवायला बसले. मधल्या ओळी गेल्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अंघोळ झाली आणि ते आलेच. दोघे पोलिस, साध्या कपड्यांत. ती स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. गाठ कुणी आणली विचारलं, तर मीच सगळ्यांना शिकवली म्हटलं. शाळेत ननकडून शिकले. इतकं सरळ खोटं आयुष्यात बोलले नव्हते. साहेब म्हणाले, "मग दाखवा की. एका हाताने." सुतळी माझ्या बोटांतून निसटून पलंगावर पडली. ह्यांनी ती उचलली. पलंगाच्या कठड्याला झटक्यात गाठ मारली. किती सुरेख! आणि हसत मान वळवली स्वयंपाकघराच्या दाराकडे — टाळीची वाट बघत.

साहेबांनीही तिकडेच पाहिलं.